निष्ठुरतेचा चेहरा

फार जुनी गोष्ट आहे. पुस्तकं छापायची कला माणसाला अजून सापडलीच नव्हती, तेव्हाची. दूर पश्चिमेला, जिथे कडक हिवाळ्यात नद्यासुद्धा गोठतात, तिथे एक राज्य होतं. त्या राज्यातल्या एका शहरात पुस्तकं करणाऱ्यांची एक गल्ली होती.

या गोष्टीत कोणत्याच माणसाला नाव नाही. मी आळसाने नावं गाळली असं समजू नका. नावं का नाहीत ते शेवटी सांगेन, आणि ते ऐकून तुम्हाला फारसं बरं वाटणार नाही.

त्या काळी एक पुस्तक करायचं म्हणजे कितीतरी हातांचं काम असे. आधी वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, लाकडी चौकटीवर ताणायचं, आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने दोन्ही बाजूंनी खरवडत बसायचं. ते वाळून पांढरं, मऊ झालं की त्याला चर्मपत्र म्हणत. मग लेखनिक त्यावर पिसाच्या लेखणीने अक्षरं लिही आणि चित्रांसाठी जागा मोकळी सोडी. सगळ्यात शेवटी पान चित्रकाराच्या हाती येई. चित्रकार आधी सोन्याचा वर्ख लावी आणि नंतर रंग भरी. वर्ख लावायच्या जागी आधी खडू आणि सरस यांचा लेप दिलेला असे. त्यावर तोंड जवळ नेऊन ऊन श्वास सोडला की लेप ओलसर होई आणि वर्खाला धरून ठेवी. म्हणजे त्या पुस्तकांतलं सगळं सोनं कुणाच्या ना कुणाच्या श्वासाने चिकटलेलं असे.

आणि त्या पुस्तकांत काय असे? प्रेमाच्या कविता. त्या राज्यातल्या लोकांना त्यांचं भारी वेड होतं. पण त्या कवितांची तऱ्हा जरा वेगळी होती. त्यांत माणसं नसतच. भावनाच माणसांसारखे कपडे घालून फिरत, बोलत, भांडत. एखाद्या तरुणाला स्वप्न पडे. स्वप्नात एक नदी दिसे. आशा नावाची बाई त्याची नाव वल्हवत नेई. काठावरून लज्जा खुणा करी, संशय दगड मारी, गर्व चुकीचा रस्ता दाखवी. शेवटी प्रीतीचं घर येई. त्या घराच्या दारात हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक बाई उभी असे आणि तरुणाला आत सोडत नसे. तिचं नाव निष्ठुरता.

लोक या कविता इतक्या ऐकत, की घरात भांडण झालं तरी म्हणत, "आज आमच्याकडे संशय जेवायला बसला होता."

चित्रकारांचा मात्र एक जुना नियम होता. आशा, दया, प्रीती यांचे चेहरे मनाने काढायचे. पण द्वेष, लोभ, गर्व, निष्ठुरता यांचे चेहरे काढायची वेळ आली की समोर आरसा ठेवायचा आणि स्वतःच्याच तोंडाकडे बघून काढायचे. म्हणून प्रत्येक चित्रकाराच्या चौरंगाशेजारी एक छोटा आरसा टांगलेला असे. हा नियम कोणी घालून दिला ते कोणालाच माहीत नव्हतं. पण ज्याने घालून दिला तो माणूस शहाणा असावा.

त्या गल्लीतला सगळ्यात नावाजलेला चित्रकार एकटाच राहत असे. केस पिकले होते, पण हात अजून तरुणासारखा चाले. त्याच्या कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चर्मपत्रं करणाऱ्या एका बाईचं घर होतं. तीही एकटीच, म्हणजे लग्न न केलेली. सोबतीला होती तिच्या मेलेल्या भावाची मुलगी. बाईचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झालेले असत, डोक्याला कायम एक फडकं बांधलेलं असे, आणि डाव्या भुवईवर सुरी निसटल्याचा जुना व्रण होता. शहरातलं उत्तम चर्मपत्र तीच करी. चित्रकारही तिचंच कातडं वापरी, पण ते आणायला कधी स्वतः जात नसे. दोघांमध्ये एक रस्ता होता, आणि तो रस्ता त्याने वर्षानुवर्षं ओलांडला नव्हता.

त्याला कारण होतं.

तरुणपणी त्याचं या बाईवर प्रेम होतं. अगदी जीव लावून केलेलं प्रेम. एका हिवाळ्यात, नदी गोठली होती तेव्हा, तो तिच्या दारात गेला. कवितेत जसं सांगितलंय तसं सगळं त्याने केलं. सोन्याने रंगवलेलं एक पान हातात धरलं, दार वाजवलं, आणि तिने दार उघडताच म्हणायला सुरुवात केली, की आशेने मला इथवर आणलं आहे, संशयाने वाटेत माझे पाय रक्तबंबाळ केले आहेत, आता या घराची किल्ली जिच्या हाती आहे तिने दया दाखवावी.

ती उंबऱ्यात उभी होती. हात चुन्याने माखलेले होते. तिने पूर्ण ऐकून घेतलं नाही.

"आत्ता जा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

झालं, एवढंच. चित्रकाराने पुन्हा दार वाजवलं नाही. त्याला वाजवायची गरजच वाटली नाही, कारण दारात कोण उभं होतं ते त्याला कवितेवरून पाठ होतं. दुसऱ्या दिवशी त्याने शहर सोडलं. परमुलखात त्याने आपली कला पक्की केली, नाव कमावलं, आणि केस पिकायला लागल्यावर तो परत आला. शहर बदललं होतं, गल्लीतली निम्मी माणसं गेली होती. राग मात्र जिथे ठेवून गेला होता तिथेच त्याला सापडला.

एके वर्षी राणीने त्याला बोलावलं. राजकन्येचं लग्न ठरलं होतं आणि राणीला लेकीला सासरी जाताना एक पुस्तक द्यायचं होतं. कविता तीच, नदीची आणि प्रीतीच्या घराची. चित्रं मात्र अशी हवी होती, की तशी कोणी पाहिली नसतील.

चित्रकाराने जीव ओतून काम केलं. आशेची नाव काढली, संशयाचे दगड काढले. असं करता करता तो त्या पानाशी आला, जिथे एका बाजूला निष्ठुरता होती आणि पान उलटलं की मागच्या बाजूला, बरोबर त्याच जागी, सिंहासनावर बसलेली प्रीती. प्रीती त्याने आधी रंगवून घेतली. तिचा चेहरा इतका देखणा उतरला, की लेखनिक ते पान बघायला मुद्दाम दोनदा येऊन गेला.

मग त्याने पान उलटलं आणि सवयीने आरशाकडे पाहिलं. आरशात एक म्हातारा होत चाललेला, ओठ घट्ट मिटलेला माणूस दिसला. चित्रकाराने मान खिडकीकडे वळवली. समोरच्या अंगणात ती बाई चौकटीवरचं कातडं खरवडत होती.

त्याने आरसा भिंतीकडे तोंड करून फिरवला.

त्या दिवशी त्याचा हात जसा चालला तसा पुन्हा कधी चालला नाही. डोक्याचं फडकं, पांढरे हात, डाव्या भुवईवरचा व्रण. डोळ्यांत त्याने असा गारठा भरला, की बघणाऱ्याने शाल ओढून घ्यावी. रंगाचा एक थर पुरला असता, पण त्याने थरावर थर चढवले. रीत मोडून सोनंही सगळ्यात वरती लावलं आणि वाकून त्यावर श्वास सोडला. आपलं बरोबर चाललेलं नाही, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण कळणं आणि थांबणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर त्याने कापलं नाही.

पूर्ण झालेलं पुस्तक राजवाड्यात जाण्याआधी एक दिवस चर्चच्या पायऱ्यांवर लोकांना बघायला उघडं ठेवायची त्या शहराची रीत होती. त्या दिवशी सगळं शहर लोटलं. परगावचे चित्रकारही आले होते. ते मेणाच्या पाट्यांवर चित्रांचे आराखडे उतरवून घेत होते, कारण त्यांच्याही राजांना असंच पुस्तक हवं असणार होतं.

पानं उलटता उलटता निष्ठुरता समोर आली, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तर आपली कातडीवाली!"

लोक हसले. पुन्हा बघितलं आणि आणखी हसले. कोणीतरी म्हणालं, खरंच की, हिने लग्न केलं नाही ते उगाच का? दुसऱ्याने सांगितलं, मागे एकदा आपल्याला उधार द्यायला हिने नकार दिला होता. तिसऱ्याला आठवलं की ती कधी हसत नाही. चित्र बघेपर्यंत यातलं कोणालाच काही खुपलं नव्हतं. आता मात्र सगळ्यांनाच वाटायला लागलं, की आपल्याला हे पहिल्यापासून माहीत होतं.

चित्रकार एका बाजूला उभा होता. त्याला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. तो आनंदाची वाट बघत बराच वेळ उभा राहिला आणि मग घरी गेला.

त्या दिवसापासून बाईचं नाव निष्ठुरता पडलं. ती बाजारात गेली की पोरं मागून ओरडत, "निष्ठुरता आली, दारं लावा!" पोरांचं सोडा, ती विसरतात. मोठी माणसं विसरेनात. लेखनिक म्हणू लागले, निष्ठुरतेचं कातडं शाई नीट धरत नाही. तेच कातडं, तेच लेखनिक, पण हळूहळू ते दुसरीकडून चर्मपत्रं घेऊ लागले. आणि मग भाचीचं लग्न मोडलं. पुस्तकं बांधणाऱ्याच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. मुलाच्या आईने निरोप पाठवला, की निष्ठुरतेच्या हाताखाली वाढलेली मुलगी आमच्या घरात नको.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी चित्रकाराच्या कारखान्यात येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"तुम्हीच काढलंत ना ते चित्र?" तिने विचारलं.

"हो," चित्रकार म्हणाला.

"मग मला एक सांगा. माझ्या आत्याने तुमचं काय वाईट केलं?"

चित्रकाराने ब्रश खाली ठेवला. उत्तर त्याच्याकडे तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. पण एका मुलीसमोर ते उच्चारायला गेल्यावर ते अगदीच एवढंसं निघालं. "तिने मला दारातून परत पाठवलं होतं," तो म्हणाला. "फार वर्षांपूर्वी. नदी गोठली होती त्या हिवाळ्यात."

"नदी गोठली होती त्या हिवाळ्यात माझे बाबा गेले," ती म्हणाली. "घरात तापाची साथ होती. आधी आई गेली, मग बाबा. मी पाळण्यात होते. आत्या एका हाताने कातडी खरवडायची आणि एका हाताने पाळणा हलवायची. त्या दिवसांत दारात कोणी आलं की ती त्याला उभंसुद्धा राहू द्यायची नाही. ताप दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मी दुसऱ्याच दिवशी गाव सोडलं होतं," चित्रकार म्हणाला.

"आल्यावर विचारायचं होतं," मुलगी म्हणाली. "रस्ता तर एवढासाच आहे."

ती निघून गेली. मग चित्रकाराने भिंतीकडे फिरवलेला आरसा सरळ केला आणि त्यात बघितलं. चित्रात जो गारठा त्याने इतक्या कौशल्याने भरला होता, तो त्याला कुठून सापडला होता, हे त्याला तिथे दिसलं.

त्याच दिवशी तो राजवाड्यात गेला आणि राणीपुढे गुडघे टेकून त्याने सगळं खरं सांगून टाकलं.

"राणीसाहेब, ते पुस्तक मला परत द्या," तो म्हणाला. "तो चेहरा मला पुसायचा आहे."

राणीने पुस्तक मागवलं, ते पान काढलं, एकदा इकडून बघितलं आणि एकदा तिकडून.

"चित्रकारा, मागे प्रीती आहे," ती म्हणाली. "बरोबर त्याच जागी. इकडचं खरवडशील तर तिकडचं राहील का?"

"ठाऊक नाही, राणीसाहेब."

"आणि पायऱ्यांवर जे उतरवून घेतलं गेलं, त्याचं काय? माझ्या दोन बहिणींच्या दरबारांत हेच चित्र आता रंगवलं जातंय. ते कसं पुसशील?"

चित्रकाराची मान खाली गेली.

"घेऊन जा," राणी शेवटी म्हणाली. "पण सुरी लावायची की नाही, ते तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. जिचा चेहरा आहे तिला विचार."

तर अशा रीतीने चित्रकाराने तो रस्ता ओलांडला. हातात पुस्तक होतं. दार तेच होतं, फक्त लाकूड काळं पडलं होतं. त्याने दार वाजवलं. बाईने उघडलं. डोक्याचं फडकं तिने पुढे ओढून घेतलं होतं, भुवई झाकेल इतकं. येताना त्याने मनाशी पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यातला एकही त्याने वापरला नाही.

"मी तुझा अपराध केलाय," तो म्हणाला. "तुझी बदनामी केली. कारण काहीच नव्हतं. मी चुकलो."

बाईने दार पूर्ण उघडलं आणि ती बाजूला झाली. चित्रकार पहिल्यांदाच त्या घरात आला.

तिने पुस्तक खिडकीपाशी नेलं. ते चित्र तिने अजून पाहिलंच नव्हतं. त्याच्याबद्दल फक्त ऐकलं होतं. आता तिने ते पाहिलं, अगदी सावकाश, एखादं कातडं विकत घेण्याआधी पाहावं तसं.

"व्रण बरोबर काढलायस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "डोळे माझे नाहीत."

"नाहीत," चित्रकार म्हणाला. "ते माझे आहेत."

भाची कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. बाईने पान बोटांत धरून उजेडाकडे केलं.

"त्या दिवशी तू दारात आलास, ते मला आठवतं," ती म्हणाली. "कुणीतरी आशा म्हणून बाई नाव वल्हवते, कुणी दगड मारतो, असं काहीबाही बोलत होतास. मला वाटलं, कुठल्याशा पुस्तकासाठी कातडं मागायला आलायस. आत भाऊ तापाने फणफणलेला. मी म्हटलं, आत्ता जा. मला वाटलं, येशील पुन्हा."

"मी तुला मागणी घालत होतो," तो कसाबसा म्हणाला.

"मग तसं म्हणायचं होतंस की रे," ती म्हणाली. "साधं विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर? काय म्हणाली असतीस?"

"ते आता मलाही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं. नाही म्हटलं असतं तरीसुद्धा मी निष्ठुर झाले नसते. एवढं मात्र सांगते."

चित्रकाराने मान हलवली. इतक्या वर्षांत हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

तिने भिंतीवरची चंद्रकोरी सुरी काढली, अंगठ्यावर धार बघितली आणि पान फळीवर ताणून धरलं. "हे कातडं माझंच आहे," ती म्हणाली. "कुठे पातळ, कुठे जाड, मला माहीत आहे. पण रंग किती दाट लावलायस! इतके थर कशाला?"

"राग होता," चित्रकार म्हणाला.

"मग खोलवर जावं लागेल. मागची बाजू टिकायची नाही. चालेल तुला? एवढी सुंदर काढली आहेस ती."

चित्रकाराने पान उलटून प्रीतीकडे शेवटचं बघितलं. आयुष्यात इतका चांगला चेहरा त्याच्या हातून कधी उतरला नव्हता, आणि पुन्हा उतरणार नव्हता, हे त्याला माहीत होतं. "दोघी वेगवेगळ्या आहेत असं मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"कातडं एकच असतं रे," बाई म्हणाली. "बाजू दोन असल्या म्हणून कातडी दोन होत नाहीत."

तिने खरवडायला सुरुवात केली. आधी सोनं गेलं, मग निळा, मग शेंदरी. स्वतःचा चेहरा ती स्वतःच्या हाताने पुसत होती, आणि तिचा हात कुठेही हलत नव्हता. थर संपता संपेनात. शेवटचा थर निघाला तेव्हा कातडं इतकं झिरझिरीत झालं होतं, की ते फाटलं आणि तिथे एक गोल भोक पडलं. इकडे निष्ठुरतेला चेहरा उरला नाही. तिकडे प्रीतीलाही नाही.

चित्रकार लहान मुलासारखा रडला. बाईने त्याला रडू दिलं. मग तिने सुईत रेशमाचा धागा ओवला आणि भोक पुढे फाटत जाऊ नये म्हणून त्याची कड बारीक टाक्यांनी शिवून घेतली. चर्मपत्रं करणारे तसं करतात. भोक बुजवत नाहीत, त्याची कड तेवढी पक्की करतात.

पुस्तक राणीकडे परत गेलं. राणीने पान उभं धरलं. पलीकडे राजकन्या बसली होती. निष्ठुरतेचं अंग, हातात किल्ल्या, आणि चेहऱ्याच्या जागी भोकातून दिसत होता राजकन्येचा चेहरा. राणीने पान फिरवलं. आता प्रीतीचं सिंहासन होतं, अंगावर सोन्याचं वस्त्र होतं, आणि चेहरा पुन्हा राजकन्येचाच होता.

मग राणीने पुस्तक मिटून लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"असंच घेऊन जा," ती म्हणाली. "सासरी कुणाचा राग आला, तर या पानातून त्याच्याकडे बघ. पण दोन्ही बाजूंनी बघ."

लग्नाआधी राणीने ते पुस्तक पुन्हा एक दिवस चर्चच्या पायऱ्यांवर ठेवायला लावलं. चित्रकार दिवसभर त्याच्याशेजारी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगत राहिला, की ते चित्र खोटं होतं आणि ते मी काढलं होतं. काही लोक लाजले. काहींनी सांगितलं, आम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं. लेखनिक हळूहळू बाईकडे परतले. पुस्तकं बांधणाऱ्याचा मुलगाही भाचीच्या दारात आला. तो कविता-बिविता न म्हणता सरळ विचारता झाला, लग्न करशील का म्हणून. तिने त्याला सांगितलं, "आधी तुझ्या आईला माझ्या आत्याची माफी मागायला पाठव. मग बघू." आई आली. मग लग्न झालं.

गोष्ट इथे संपवता आली असती, तर मला फार आवडलं असतं.

पण ती चित्रं तोवर नदी उतरून, डोंगर ओलांडून गेली होती. चित्रकाराने आपला कारखाना बंद केला आणि तो त्यांच्या मागे निघाला. उरलेलं आयुष्य तो दरबारोदरबारी फिरला. काही राजांनी त्याला आपलं पुस्तक खरवडू दिलं. पुष्कळांनी दिलं नाही. ते म्हणाले, "पण चित्र तर सुंदर आहे!" यावर त्याला काहीच बोलता येत नसे, कारण चित्र सुंदर होतंच. शेवटी कुठल्याशा परक्या गावाच्या वाटेवर तो वारला. त्याच्या झोळीत एक सुरी आणि एक छोटा आरसा सापडला.

बाई तिच्या गल्लीत म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत तिला तिथे सगळे तिच्या खऱ्या नावाने हाक मारत.

ते नाव काय होतं? मला माहीत नाही. ती गल्ली आज नाही, ती हाक मारणारी माणसं नाहीत. राजकन्येचं ते भोकाचं पुस्तकही पुढे कुठे गेलं, कोणास ठाऊक. राहिली ती डोंगरापलीकडे गेलेली चित्रं. अजूनही कुठल्यातरी दूरच्या महालात कोणीतरी असं पुस्तक उघडतं, डोक्याला फडकं बांधलेल्या, भुवईवर व्रण असलेल्या एका बाईकडे बघतं, आणि चित्राखालचं नाव वाचतं, निष्ठुरता. तिचं तेवढंच एक नाव आपल्यापर्यंत पोचलं. ते मला घ्यायचं नव्हतं, आणि तिचं खरं नाव नसताना इतरांची तरी का सांगायची, म्हणून मी या गोष्टीत कोणालाच नाव दिलं नाही.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्याला आपण कधी विचारलंच नाही, त्याला नाव ठेवू नये.